'सुपरमॅन ४ : द क्वेस्ट फॉर पीस' (१९८७) : शीतयुद्धकालीन निःशस्त्रीकरणाच्या संदर्भात एक ऐतिहासिक मूल्यमापन

गोषवारा

१९८७ साली प्रदर्शित झालेला 'सुपरमॅन ४ : द क्वेस्ट फॉर पीस' हा चित्रपट सुपरमॅन मालिकेतील सर्वांत दुबळा भाग म्हणून ओळखला जातो. अपुरा निर्मितिखर्च, सदोष दृश्यतंत्र व विस्कळीत कथानक ही त्याच्या अपयशाची कारणे म्हणून सांगितली जातात. प्रस्तुत शोधनिबंधात या चित्रपटाचा विचार शीतयुद्धाच्या अखेरच्या पर्वाचे एक ऐतिहासिक साधन म्हणून केला आहे. पैशाच्या टंचाईतून उद्भवलेले दोष आणि विचाराच्या अपुरेपणातून उद्भवलेले दोष परस्परांपासून वेगळे केल्यास या चित्रपटाचे गुण व मर्यादा अधिक स्पष्ट होतात, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : शीतयुद्ध, अण्वस्त्रे, निःशस्त्रीकरण, लोकप्रिय संस्कृती, सुपरहिरो चित्रपट.

प्रस्तावना

इतिहासलेखनात राजकीय करार, शासकीय कागदपत्रे व नेत्यांचा पत्रव्यवहार यांना प्राथमिक साधनांचा दर्जा दिला जातो. विसाव्या शतकाच्या इतिहासासाठी मात्र चित्रपट हेही एक महत्त्वाचे साधन ठरते. एखाद्या काळातील सामान्य माणसाला कशाची भीती वाटत होती आणि त्या भीतीतून सुटण्याचा कोणता मार्ग त्याला शक्य वाटत होता, हे लोकप्रिय चित्रपटांतून जितके सहज कळते तितके करारांच्या मसुद्यांतून कळत नाही. यासाठी चित्रपट कलादृष्ट्या श्रेष्ठच असला पाहिजे असे नाही. किंबहुना फसलेला चित्रपट अनेकदा अधिक बोलका असतो, कारण त्याचे सांधे उघडे पडलेले असतात.

'सुपरमॅन ४' हा असाच एक चित्रपट आहे. अण्वस्त्रांच्या प्रश्नाला थेट हात घालणारा हा या मालिकेतील एकमेव भाग होय. त्याची गणना वाईट चित्रपटांच्या यादीत होत असल्यामुळे त्यातील मूळ प्रश्नाकडे मात्र पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. ती उणीव अल्पांशाने भरून काढावी, हा प्रस्तुत लेखनामागील हेतू आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) 'सुपरमॅन ४' च्या निर्मितीची आर्थिक व राजकीय पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) चित्रपटातील गुण व दोष यांची कारणमीमांसा करणे.
३) चित्रपटात दाखविलेले निःशस्त्रीकरण आणि १९८७ मध्ये प्रत्यक्षात आलेले निःशस्त्रीकरण यांची तुलना करणे.

त्यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रत्यक्ष चित्रपट हेच मुख्य साधन मानले आहे.

अतिमानव आणि युद्ध : पूर्वपीठिका

जेरी सीगेल व जो शुस्टर या क्लीव्हलँडमधील दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स' च्या पहिल्या अंकात अवतरला. जगात युद्धाचे ढग जमत असतानाच त्याचा जन्म झाल्यामुळे एक अडचणीचा प्रश्न त्याला प्रारंभापासूनच चिकटला. ज्याला काहीही अशक्य नाही, तो युद्ध का थांबवीत नाही? फेब्रुवारी १९४० मध्ये 'लुक' या अमेरिकी नियतकालिकासाठी सीगेल व शुस्टर यांनी दोन पानांची एक चित्रकथा रचली. तिच्यात सुपरमॅन हिटलर व स्टॅलिन या दोघांनाही उचलून जिनिव्हा येथे राष्ट्रसंघापुढे उभे करतो. ही कल्पना नाझींना इतकी झोंबली की, 'दास श्वार्त्स कोर' या एस.एस. संघटनेच्या मुखपत्राने एप्रिल १९४० मध्ये सीगेलवर ज्यूद्वेषी भाषेत टीका केली.

अमेरिका युद्धात उतरल्यावर मात्र या नायकाला प्रत्यक्ष रणांगणापासून बहुतांशी दूर ठेवण्यात आले. खरे सैनिक मरत असताना कागदावरच्या नायकाने एका दिवसात विजय मिळविणे अप्रशस्त दिसले असते. १९४५ मध्ये त्याच्या वृत्तपत्रीय चित्रमालिकेत सायक्लोट्रॉन या यंत्राचा उल्लेख येताच अमेरिकेच्या युद्ध खात्याने त्यास हरकत घेतली. म्हणजे अणुशक्तीशी सुपरमॅनचा संबंध हिरोशिमाच्याही आधीचा आहे. १९८७ चा चित्रपट हा या जुन्याच प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

निर्मितीची आर्थिक पार्श्वभूमी

रिचर्ड डॉनर दिग्दर्शित 'सुपरमॅन' (१९७८) हा सुमारे ५.५ कोटी डॉलर खर्चाचा, त्या काळातील अत्यंत महागड्या चित्रपटांपैकी एक होता. त्याच्या दृश्यपरिणामांसाठी विशेष ऑस्कर पुरस्कार देण्यात आला. अमेरिकेतील तिकीटविक्रीतून या चित्रपटाने सुमारे १३.४ कोटी, दुसऱ्या भागाने सुमारे १०.८ कोटी, तर तिसऱ्या भागाने (१९८३) सुमारे ६ कोटी डॉलर मिळविले. ही उतरती भाजणी आणि त्यापाठोपाठ 'सुपरगर्ल' (१९८४) चे अपयश पाहून निर्माते अलेक्झांडर व इल्या साल्काइंड या पितापुत्रांनी या मालिकेतून अंग काढून घेतले. पुढील भागाची निर्मिती 'कॅनन' या कंपनीकडे आली.

मेनाहेम गोलन व योराम ग्लोबस या इस्रायली चुलत भावंडांनी १९७९ मध्ये कॅनन कंपनी ताब्यात घेतली होती. चित्रपट तयार होण्यापूर्वीच त्याचे वितरणहक्क देशोदेशी विकावयाचे, त्या करारांच्या आधारे कर्ज काढावयाचे आणि आलेल्या पैशातून एकाच वेळी अनेक स्वस्त चित्रपट काढावयाचे, ही त्यांची व्यवसायपद्धती होती. १९८६ मध्ये कंपनीने ब्रिटनमधील थॉर्न ईएमआयचा चित्रपटविभाग, त्याच्या चित्रपटगृहांसह व एल्स्ट्री येथील स्टुडिओसह, विकत घेतला. या विस्ताराने कर्जाचा बोजा वाढला. त्याच सुमारास अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने कंपनीच्या हिशेबपद्धतीची चौकशी सुरू केली. या ओढाताणीत 'सुपरमॅन ४' चा सुमारे ३.६ कोटी डॉलरचा नियोजित खर्च ऐनवेळी १.७ कोटींवर आणला गेला. नऊ वर्षांपूर्वीच्या पहिल्या भागाच्या तो एकतृतीयांशापेक्षाही कमी होता.

नायकाची भूमिका करणारे ख्रिस्तोफर रीव्ह हे तिसऱ्या भागानंतर या मालिकेत परतण्यास उत्सुक नव्हते. कॅननने त्यांना कथेत सहभाग देऊ केला आणि त्यांच्या आवडीच्या 'स्ट्रीट स्मार्ट' (१९८७) या चित्रपटाला भांडवल पुरविले. अण्वस्त्रबंदीचा विषय रीव्ह यांच्या आग्रहाने आला. कथेच्या श्रेयनामावलीत लॉरेन्स कॉनर व मार्क रोझेन्थल यांच्याबरोबर त्यांचेही नाव आहे. दिग्दर्शन सिडनी जे. फ्युरी यांनी केले. विसंगती अशी की, सोव्हिएत हस्तकांच्या आक्रमणाची कल्पना रंगविणारा 'इन्व्हेजन यू.एस.ए.' (१९८५) हा चित्रपट याच कंपनीने केवळ दोन वर्षांपूर्वी काढला होता.

राजकीय पार्श्वभूमी

चित्रपटाचा विषय आकाशातून पडलेला नव्हता. मार्च १९८३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी सोव्हिएत युनियनला दुष्ट साम्राज्य म्हणून संबोधले व त्याच महिन्यात 'स्टार वॉर्स' या टोपणनावाने प्रसिद्ध झालेली अवकाश संरक्षण योजना जाहीर केली. त्या वर्षाच्या अखेरीस पश्चिम युरोपात पर्शिंग-२ व क्रूझ क्षेपणास्त्रे तैनात होऊ लागली. १९८६ पर्यंत जगातील अण्वस्त्रांची संख्या सुमारे ७०,००० या उच्चांकाला पोहोचली.

याविरुद्ध जनमतही संघटित होत होते. रँडल फोर्सबर्ग यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या अण्वस्त्र गोठवणूक चळवळीच्या काळातच १२ जून १९८२ रोजी न्यूयॉर्कमध्ये सुमारे १० लाख लोक रस्त्यावर उतरले. ब्रिटनमध्ये ग्रीनहॅम कॉमन येथील हवाई तळाबाहेर स्त्रियांनी सप्टेंबर १९८१ पासून ठिय्या दिला होता. नोव्हेंबर १९८३ मध्ये अणुयुद्धाचे परिणाम दाखविणारा 'द डे आफ्टर' हा दूरचित्रवाणीपट अमेरिकेत सुमारे १० कोटी लोकांनी पाहिला. मेन राज्यातील समँथा स्मिथ या दहा वर्षांच्या मुलीने १९८२ मध्ये सोव्हिएत नेते युरी आंद्रोपोव्ह यांना युद्धाबाबत पत्र लिहिले. आंद्रोपोव्ह यांनी उत्तर देऊन तिला निमंत्रण दिले आणि जुलै १९८३ मध्ये ती सोव्हिएत युनियनला जाऊन आली.

'सुपरमॅन ४' मध्ये शिखर परिषद फिसकटल्याची बातमी ऐकून जेरेमी नावाचा शाळकरी मुलगा सुपरमॅनला पत्र लिहितो आणि जगातील अण्वस्त्रे नष्ट करण्याची विनंती करतो. समँथाच्या पत्राशी या प्रसंगाचे साम्य लक्षणीय आहे. चित्रपटाचे काम चालू होते त्या १९८६ सालीच एप्रिलमध्ये चेर्नोबिलची दुर्घटना घडली आणि ऑक्टोबरमध्ये रिक्याविक येथील रेगन-गोर्बाचेव्ह भेट करारावाचून संपली. बातम्या आणि पटकथा यांच्यातील अंतर इतके कमी असण्याचे प्रसंग लोकप्रिय चित्रपटांत विरळाच म्हणावे लागतील.

चित्रपटाचे गुण

या चित्रपटाचा पहिला गुण म्हणजे त्यातील प्रश्नाचा प्रामाणिकपणा. जेरेमीचे पत्र आल्यावर नायक लगेच उड्डाण करीत नाही. त्याच्या मूळ ग्रहावरील वडीलधाऱ्यांचा आदेश मानवी इतिहासात ढवळाढवळ न करण्याचा आहे. 'डेली प्लॅनेट' हे वृत्तपत्र दरम्यान डेव्हिड वॉरफिल्ड या खळबळखोर वृत्तपत्रमालकाने विकत घेतलेले असते. सुपरमॅनने मुलाला झिडकारले, अशा आशयाचा मथळा ते वृत्तपत्र छापते. नायक लोइस लेनपाशी आपली खरी ओळख उघड करून सल्ला मागतो. सामर्थ्य आहे, पण अधिकार आहे काय, हा त्याच्यापुढील पेच आहे. सर्वसामान्य सुपरहिरो चित्रपटात हा पेच संकट कोसळल्याबरोबर नाहीसा होतो. येथे तोच कथेच्या पूर्वार्धाचा गाभा आहे.

दुसरा गुण म्हणजे शत्रूकडे पाहण्याची दृष्टी. चित्रपटाच्या प्रारंभी सुपरमॅन एका संकटग्रस्त सोव्हिएत अंतराळवीराचे प्राण वाचवितो व त्याच्याशी रशियन भाषेत बोलतो. 'रॅम्बो' चा दुसरा भाग व 'रॉकी ४' हे दोन्ही १९८५ चे चित्रपट ज्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले, त्यांच्यासमोर असा प्रारंभ करणे धाडसाचे होते. खलनायक लेक्स लूथर हा कोणत्याही देशाचा हस्तक नाही. शस्त्रास्त्रांच्या व्यापाऱ्यांशी संगनमत करून पुन्हा शस्त्रस्पर्धा सुरू करणे व तिच्यातून नफा कमावणे हा त्याचा हेतू आहे. शस्त्रस्पर्धेच्या मुळाशी असलेल्या आर्थिक हितसंबंधांकडे बोट दाखविण्याचे काम हे पात्र करते.

तिसरा गुण रीव्ह यांच्या अभिनयाचा आहे. पार्श्वभूमी कितीही कृत्रिम दिसली, तरी त्यांनी भूमिकेची थट्टा होऊ दिलेली नाही. क्लार्क केंटचा गोंधळ व सुपरमॅनचा संथ आत्मविश्वास यांतील फरक ते केवळ खांद्यांच्या ठेवणीतून व आवाजातून दाखवितात. जॉन विल्यम्स यांच्या संगीतरचना, अलेक्झांडर करेज यांच्या संयोजनाखाली, चित्रपटाला मूळ भव्यतेची आठवण करून देत राहतात.

पैशाच्या टंचाईतून आलेले दोष

चित्रीकरणाचा मोठा भाग ब्रिटनमध्ये, एल्स्ट्री स्टुडिओत व मिल्टन कीन्स या १९६७ नंतर वसविलेल्या नव्या शहरात झाला. न्यूयॉर्कमधील संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयाकडे सुपरमॅन चालत जातो, हे दृश्य मिल्टन कीन्सच्या रेल्वे स्थानकासमोरील चौकात घेतले आहे. इतक्या मोठ्या ऐतिहासिक क्षणाला जमलेली गर्दी किती तुटपुंजी दिसते, याविषयीची खंत रीव्ह यांनी 'स्टिल मी' (१९९८) या आत्मचरित्रात व्यक्त केली आहे.

समोरून उडत येणाऱ्या सुपरमॅनचे एकच दृश्य चित्रपटात वारंवार वापरलेले आहे. काही ठिकाणी त्याला पेलणाऱ्या तारा दिसतात, तर चंद्रावरील झुंजीत अवकाश म्हणून टांगलेल्या काळ्या पडद्याच्या चुण्या दिसतात. मूळची लांबी पूर्वपरीक्षणानंतर सुमारे ४५ मिनिटांनी कमी करून चित्रपट ९० मिनिटांचा करण्यात आला. या काटछाटीत लूथरने आधी निर्माण केलेला पहिला 'न्यूक्लिअर मॅन' पूर्णपणे गळाला. परिणामी उत्तरार्धातील घटनांना कार्यकारणभाव उरलेला नाही. चीनची भिंत नायक केवळ नजरेने पूर्ववत करतो आणि वॉरफिल्डची कन्या कोणत्याही उपकरणाविना अवकाशात श्वास घेते.

विचाराच्या अपुरेपणातून आलेले दोष

वरील दोष सर्वज्ञात आहेत. पुरेसा पैसा मिळाला असता, तर त्यातील बहुतेक टळले असते. परंतु काही दोष असे आहेत, जे दुप्पट खर्च केल्यानेही टळले नसते आणि त्यांचीच चर्चा कमी होते.

पहिला दोष असा की, चित्रपट आपलाच प्रश्न अर्ध्यावर सोडून देतो. सुपरमॅनच्या केसातील जनुकीय द्रव्य लूथर एका क्षेपणास्त्रावर बसवितो. ते क्षेपणास्त्र नायकाच्या हातून सूर्यावर भिरकावले जाते व त्यातून 'न्यूक्लिअर मॅन' जन्मतो. शस्त्र नष्ट करण्याच्या कृतीतूनच नवे शस्त्र जन्माला यावे, ही कल्पना खरोखर समर्थ आहे. पण त्यानंतर निःशस्त्रीकरणाचा विषय मागे पडून दोन बलवान पुरुषांची कुस्ती तेवढी उरते. राष्ट्रांनी शस्त्रे दिल्यावर काय घडले, कोणी लपविली काय, कोणाला असुरक्षित वाटले काय, याचा मागमूसही लागत नाही.

दुसरा दोष संयुक्त राष्ट्रांच्या प्रसंगात दिसतो. आमसभेत बोलण्यासाठी सदस्यांचे अनुमोदन हवे, असे सुपरमॅनला सांगितले जाते व अनेक हात वर होतात. तो अण्वस्त्रे नष्ट करण्याचा निर्णय जाहीर करतो आणि प्रतिनिधी टाळ्या वाजवितात. त्या हातांना तोंड मात्र दिलेले नाही. प्रत्यक्षात त्या काळात अण्वस्त्रे नसलेली राष्ट्रे गप्प नव्हती. भारत, अर्जेंटिना, ग्रीस, मेक्सिको, स्वीडन व टांझानिया या सहा देशांच्या नेत्यांनी मे १९८४ मध्ये संयुक्त आवाहन केले होते व जानेवारी १९८५ मध्ये दिल्ली येथे घोषणापत्र काढले होते. नोव्हेंबर १९८६ मध्ये राजीव गांधी व गोर्बाचेव्ह यांनी अण्वस्त्रमुक्त व अहिंसक जगाविषयीच्या दिल्ली घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. चित्रपटात या राष्ट्रांचे काम केवळ अनुमोदन देण्यापुरते आहे. निर्णय अखेर एका अमेरिकी दैनिकाच्या कचेरीत वावरणारा अतिमानव घेतो.

तिसरा दोष शेवटाचा आहे. पराभूत 'न्यूक्लिअर मॅन' एका अणुविद्युत केंद्रात टाकला जातो व त्याच्यापासून वीज निर्माण होते. संहारक अणू वाईट व शांततेचा अणू चांगला, ही १९५० च्या दशकातील विभागणी येथे जशीच्या तशी उचलली आहे. चेर्नोबिलला सव्वा वर्षही झालेले नसताना हा शेवट निर्मात्यांना खटकला नाही, याचे आश्चर्य वाटते.

याच काळात अमेरिकी प्रकाशकांनी काढलेल्या चित्रकथांनी हा प्रश्न अधिक कठोरपणे हाताळला होता. फ्रँक मिलर यांच्या 'द डार्क नाइट रिटर्न्स' (१९८६) मध्ये सुपरमॅन सरकारचा आज्ञाधारक सेवक झालेला आहे. ॲलन मूर व डेव्ह गिबन्स यांच्या 'वॉचमेन' (१९८६-८७) मध्ये अतिमानवाचे अस्तित्वच शस्त्रस्पर्धा अधिक धोक्याची करते. या कलाकृतींच्या तुलनेत 'सुपरमॅन ४' भाबडा वाटतो. तथापि त्यांनी न दिलेले एक उत्तर त्याने दिले आहे. अखेरच्या भाषणात सुपरमॅन आपले अपयश मान्य करतो. शांतता ही आपण देऊ शकू अशी भेट नव्हे, लोकांनी ती इतक्या तीव्रतेने मागितली पाहिजे की सरकारांना ती द्यावीच लागेल, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. हे उत्तर योग्य आहे. दुर्दैवाने ते कथेतून उगवत नाही, ते भाषणातून सांगावे लागते. लोक या चित्रपटात केवळ प्रेक्षक आहेत.

पडद्यावरील व प्रत्यक्षातील निःशस्त्रीकरण

चित्रपट २४ जुलै १९८७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला व तेथे त्याने सुमारे १.५७ कोटी डॉलर मिळविले. पुढच्या पाच महिन्यांच्या आत, ८ डिसेंबर १९८७ रोजी, रेगन व गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या अण्वस्त्रांविषयीच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडणे अर्थातच गैर ठरेल. त्यांची तुलना मात्र उद्बोधक आहे.

चित्रपटात जगभरची क्षेपणास्त्रे अवकाशातील एका प्रचंड जाळ्यात गोळा होतात व एका फेकीत सूर्यात जाऊन पडतात. प्रत्यक्ष करारानुसार ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरील क्षेपणास्त्रे नष्ट करावयाची होती. १९९१ पर्यंत एकूण २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट करण्यात आली. ती कापली, चिरडली, जाळली गेली आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या पक्षाचे निरीक्षक हजर होते. सोव्हिएत युनियनमधील वोत्किन्स्क व अमेरिकेतील मॅग्ना येथील कारखान्यांच्या दारांशी परस्परांचे निरीक्षक वर्षानुवर्षे पहारा देत होते. हे काम कंटाळवाणे, खर्चिक व अविश्वासावर आधारलेले होते. म्हणूनच ते झाले. परस्परांवर विश्वास नसतानाही शस्त्रे कशी कमी करावयाची, हा निःशस्त्रीकरणातील खरा प्रश्न असतो आणि चित्रपटाने नेमका तोच गाळला.

मात्र असे करार टिकविण्यासाठीही जनमताचा रेटा सतत लागतो. २ ऑगस्ट २०१९ रोजी हा करार औपचारिकरीत्या संपुष्टात आला, त्या वेळी १९८२ च्या न्यूयॉर्कसारखी गर्दी कोठेही जमली नाही. सुपरमॅनच्या अखेरच्या भाषणातील आशय या घटनेने उलट बाजूने सिद्ध केला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

निष्कर्ष

१) 'सुपरमॅन ४' चे तांत्रिक दोष हे प्रामुख्याने कॅनन कंपनीच्या कर्जाधिष्ठित व्यवसायपद्धतीचे परिणाम होते. त्यांच्या आधारे चित्रपटाच्या आशयाचे मोल ठरविणे योग्य नाही.
२) चित्रपटाचे गंभीर दोष वैचारिक आहेत. पडताळणी, परस्पर अविश्वास व अण्वस्त्रे नसलेल्या राष्ट्रांची भूमिका या बाबी त्यात आढळत नाहीत.
३) सर्वशक्तिमान नायकाने जगाचा सर्वांत मोठा प्रश्न का सोडवू नये, हा प्रश्न थेट विचारून तो आपण सोडवू शकत नाही अशी कबुली देणे, हे या चित्रपटाचे वैशिष्ट्य आहे.
४) १९८० च्या दशकातील अण्वस्त्रविरोधी जनभावनेचे साधन म्हणून हा चित्रपट अभ्यासनीय आहे. त्या दशकात अण्वस्त्रमुक्त जग ही कल्पना करमणुकीच्या चित्रपटातही मांडता येण्याइतकी सार्वत्रिक झाली होती.

समारोप

चित्रपट कोसळला. कॅननची सत्ता दोन वर्षांत गोलन यांच्या हातून गेली आणि सुपरमॅनचा पुढचा चित्रपट येण्यास २००६ साल उजाडले. ख्रिस्तोफर रीव्ह मात्र नोव्हेंबर १९८७ मध्ये चिलीला गेले. पिनोशे यांच्या लष्करी राजवटीत ७७ नाट्यकलावंतांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या होत्या आणि त्यांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी रीव्ह तेथे सभेत सहभागी झाले. त्यांना ही विनंती करणारे लेखक आरिएल डॉर्फमन हे अमेरिकी चित्रकथांचे कठोर टीकाकार म्हणून ओळखले जात, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. उडण्याची शक्ती नसलेल्या माणसाने, अन्य माणसांच्या शेजारी उभे राहून, चित्रपटाला जे दाखविता आले नाही ते केले. 'सुपरमॅन ४' मधील सुपरमॅनने अखेरच्या भाषणात लोकांकडून मागितले होते ते याहून वेगळे नव्हते.